वाघाचा हिशोब पाचोळ्यापासून सुरू होतो

प्रश्न: आमच्या शाळेची सहल ताडोब्याला गेली होती. सातवीच्या मुलांनी तीन गोष्टी विचारल्या आणि पुस्तकातल्या ‘गवत, हरीण, वाघ’ यापलीकडे मला काही सांगता येईना. एवढं मोठं जंगल, मग वाघ इतके थोडे का? झाडांखाली जो पाचोळा पडतो त्याचं पुढे काय होतं? आणि अमरवेल, अळंबी, किडे खाणाऱ्या वनस्पती यांना अन्नसाखळीत कुठे बसवायचं?

उत्तर:

मुलांच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. झाडानं पकडलेलं ऊन पुढे कुणाकुणाच्या पोटात जातं आणि वाटेत किती संपतं, एवढं कळलं की तिन्ही सुटतात. ‘गवत, हरीण, वाघ’ ही साखळी खोटी नाही. पण जंगलात जेवढं अन्न तयार होतं त्यातला फार थोडा भाग त्या वाटेनं जातो. उरलेलं बरंचसं जिवंतपणी कुणी खातच नाही. पान वाळतं, गळतं, आणि मग त्याला खाणारे येतात. विदर्भातल्या सागाच्या जंगलांत झाडं आणि माती यांच्यावरच माझं काम झालं आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. मुलांनी ती जागा पाहिलेली आहे, हेही बरं झालं.

झाड काय खातं?

सुरुवात इथूनच करा, कारण मोठी माणसंसुद्धा इथे अडखळतात. ‘झाड मातीतून अन्न घेतं’ असं आपण सर्रास म्हणतो. मातीतून झाड पाणी घेतं आणि क्षार घेतं. अन्न ते स्वतः बनवतं, आणि त्याचा मुख्य कच्चा माल हवेत असतो. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान व्हॅन हेल्मॉन्टनं केलेला प्रयोग मुलांना जरूर सांगा. त्यानं कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून घातली आणि तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम २ औंस. झाड पाण्यातूनच घडतं, असं त्यानं ठरवलं. ते अर्धंच खरं होतं, कारण हवेचा विचार त्यानं केला नव्हता. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहौझनं दाखवलं की हे काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो, आणि तेही उजेड असेल तरच. मुलांनी ताडोब्यात पाहिलेल्या सागाच्या सरळसोट बुंध्याचं कोरडं वजन घेतलं तर त्यात निम्म्याच्या आसपास कार्बन निघेल, आणि तो सगळा हवेतून आलेला आहे. सातवीतल्या मुलाला हे पटवून देता आलं तर बाकीचं सोपं आहे.

पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं, त्या ऊर्जेवर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेलं पाणी यांची साखर होते. साखरेच्या रेणूत उन्हाची ऊर्जा बांधली जाते. जंगलावर वर्षभरात जेवढं ऊन पडतं त्यातला साधारण एक टक्का, बहुतेकदा त्याहून कमीच, असा बांधला जातो. मुलं लगेच विचारतील, इतका कमी? त्यांना उन्हाळ्यातला साग आठवायला सांगा. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचं ऊन सर्वांत कडक असतं आणि नेमकं तेव्हा सागाच्या अंगावर पान नसतं. ऊन भरपूर आहे, पाणी नाही. पान उघडं ठेवायचं तर त्याच्या रंध्रांतून पाणी उडून जाणार, म्हणून झाड पानंच टाकून देतं. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात अन्न किती तयार होईल हे उन्हापेक्षा पावसावर जास्त ठरतं.

या साखरेतला निम्म्याच्या आसपास भाग झाड स्वतःच वापरून टाकतं. पगार हातात पडला की आधी घरखर्च जातो, तसंच हे. मुळांना क्षार ओढायला, रात्री जिवंत राहायला, नवी पालवी फोडायला ऊर्जा लागते आणि ती या साखरेतूनच येते. झाडंही श्वसन करतात, दिवसाही आणि रात्रीही, हे बऱ्याच मुलांच्या लक्षात राहत नाही. खर्च भागून जे शिल्लक राहतं त्याची पानं, लाकूड, मुळं, फुलं, बिया होतात. जंगलातल्या बाकी सगळ्या जिवांना जगायला एवढीच शिल्लक असते.

जिवंत पान खाणं अवघड आहे

हिरव्या पानांत माणूस उभा केला तर तो उपाशी मरेल. पानाचा बराचसा भाग सेल्युलोज नावाच्या तंतुमय द्रव्याचा असतो आणि सेल्युलोज पचवणारं पाचकद्रव्य सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयार होत नाही. चितळाच्याही नाही. चितळ, सांबर, रानगवा यांनी दुसरा मार्ग काढला आहे. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात. चितळ घाईघाईनं चरतं, मग सावलीत बसून तोच चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करतं. बारीक झालेला चारा सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर चितळ जगतं. पुढच्या कप्प्यांत ते या सूक्ष्मजीवांनाही पचवून टाकतं, आणि त्याला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांच्यातूनच येतो. म्हणजे हरीण गवत खातं हे खरं, पण नीट पाहिलं तर गवत खातात जिवाणू आणि हरीण जगतं जिवाणूंवर. पाठ्यपुस्तकातल्या एका बाणात हे सगळं दडलेलं असतं.

वानरांनी हीच युक्ती वेगळ्या वाटेनं साधली आहे. ते रवंथ करत नाहीत, पण त्यांचंही जठर कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात पाला आंबतो. मुलांनी कदाचित पाहिलं असेल, झाडावर वानरांची टोळी चरत असली की खाली चितळं जमतात. वानरं निम्मं खातात, निम्मं टाकतात, आणि जिथवर चितळाची मान पोचत नाही तिथली कोवळी पालवी आणि फळं त्याला आयती मिळतात. वरून वाघ-बिबट्याची चाहूल लागली की वानर खाकरतं, तो फायदा वेगळाच.

सागाचं पान मात्र चितळाच्या फारसं कामाचं नाही. ते खरखरीत, राठ असतं. त्याला खाणारे वेगळेच आहेत. पावसाळा ओसरत आला की सागाची पानं तपकिरी, जाळीदार झालेली दिसतात. पर्यटकांना वाटतं झाडाला रोग लागला. ते काम एका लहानशा पतंगाच्या अळ्यांचं असतं. त्या शिरा सोडून मधला मऊ भाग खातात आणि पानाची जाळी उरते. त्या अळ्यांवर पक्षी तुटून पडतात. अळी, पक्षी, शिक्रा अशी एक साखळी आपल्या डोक्यावर चालू असते आणि आपण जिप्सीत बसून रस्त्यावर वाघाचे ठसे शोधत असतो.

तरीही हे सगळे खाणारे मिळून जंगलातल्या पानांचा लहानच वाटा संपवतात. बहुतेक जंगलांत वर्षभरात वाढलेल्या वनस्पतीच्या वजनातला नव्वद टक्क्यांच्या घरातला भाग कुणीही न खाता मरतो. गवताळ प्रदेशात चरण्याचं प्रमाण जास्त असतं. समुद्रात तर चित्र उलटंच असतं. तिथे वनस्पती म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म पेशी, त्यांना लाकूड नाही की खोड नाही, त्यामुळे त्यांतला मोठा भाग जिवंतपणीच खाल्ला जातो.

वाघ थोडे का?

आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. चितळानं खाल्लेल्या चाऱ्यातला काही भाग पचतच नाही, लेंड्यांवाटे बाहेर पडतो. काही ऊर्जा आंबवण्यातून होणाऱ्या वायूबरोबर जाते. जे पचतं त्यातलं बहुतेक सगळं अंग गरम ठेवायला, चालायला, धावायला, श्वास घ्यायला खर्च होतं. उष्ण रक्ताच्या मोठ्या प्राण्यात पचलेल्या ऊर्जेतले शंभरातले दोन-तीन भागच नवं मांस म्हणून साठतात. वाघाला खायला मिळतं ते एवढंच. चितळानं आयुष्यभर खाल्लेलं गवत वाघाच्या वाट्याला येत नाही, शेवटी उभं असलेलं चितळ येतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका दलदली तळ्यावर रेमंड लिंडमन या तरुण संशोधकानं हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला. तळ्यातल्या वनस्पतींपासून मोठ्या शिकाऱ्यांपर्यंत प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा पोचते हे त्यानं मोजलं. त्याचा तो निबंध १९४२ मध्ये छापून आला, पण तो पाहायला लिंडमन राहिला नव्हता. त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आजारानं तो गेला. आज शाळेत शिकवतो तो ‘दहा टक्क्यांचा नियम’, म्हणजे एका पायरीवरच्या ऊर्जेतला दहावा भागच पुढच्या पायरीवर पोचतो हा नियम, त्या वाटेवरून आला आहे. माझी विनंती आहे की तो नियम म्हणून शिकवू नका, ढोबळ अंदाज म्हणून शिकवा. कुठे पाच टक्के पोचतात, कुठे वीस. कीटकांना अंग गरम ठेवायचं नसतं, म्हणून पचलेल्यातला चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ते अंगी लावू शकतात. सस्तन प्राण्यांत हा आकडा फार खाली येतो. ताडोब्याच्या तलावातली मगर तासन्‌तास काठावर पडून असते. तिला तिच्याएवढ्या वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत साधारण दहावा भाग किंवा त्याहूनही कमी अन्न पुरतं, कारण तिचं अंग ऊन गरम करतं.

वाघाचा हिशोब आता मुलांना फळ्यावर करू द्या. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो, म्हणजे आठवड्याला एक. कळप टिकायचा असेल तर वर्षाला त्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच जनावरं शिकाऱ्यांकडे जाऊ शकतात, बाकीच्या मृत्यूंची भरपाई व्हायलाही पिल्लं लागतातच. म्हणजे एका वाघामागे चितळ, सांबर, रानडुक्कर अशी मिळून सुमारे ५०० जनावरं उभी हवीत. त्या ५०० जनावरांना चारा पुरवायला जेवढं जंगल लागेल तेवढं एका वाघाचं जंगल. नेपाळमधल्या चितवनसारख्या भरपूर हरणांच्या जागी वाघिणीला सुमारे २० चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या सिखोते-अलिन पर्वतरांगेत, जिथे हिवाळा लांब आणि भक्ष्य विरळ, तिथे तिला ४०० चौरस किलोमीटरच्या आसपास लागतात. वाघीण दोन्हीकडे तशीच, तिची भूकही तशीच. फरक गवताचा आणि पाल्याचा आहे. त्यात रानकुत्र्यांचे कळप आणि बिबटे त्याच हरणांवर जगतात, तेव्हा वाटेकरी आणखी वाढतात. आणि वाघाच्या वर पाचवी-सहावी पायरी का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. वाघांची शिकार करून पोट भरणारा प्राणी असता तर त्याला अख्खा विदर्भही पुरला नसता.

पाचोळ्याचं जंगल

आता ज्या वाटेनं सर्वांत जास्त अन्न जातं तिच्याकडे येऊ. मला स्वतःला जंगलातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते आणि दुर्दैवानं हिच्याकडे कुणी बघत नाही.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातलं मौल्यवान ते परत ओढून घेतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा साधारण निम्मा साठा पानातून फांदीत जातो. हरितद्रव्य मोडतं म्हणून पान पिवळं पडतं. जे खाली पडतं त्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अगदी थोडा. वर लिग्निन नावाचं चिवट द्रव्य, जे लाकडाला लाकूडपण देतं आणि बहुतेक जिवाणूंना मुळीच पचत नाही. म्हणजे पाचोळ्यात ऊर्जा खूप आहे, पण तो कुणालाही सहज खाता येणार नाही असा आहे. लिग्निन फोडणारे मुख्य जीव म्हणजे बुरशा. ओल्या लाकडाची साल उचलली तर पांढरे कापसासारखे तंतू दिसतात, ते बुरशीचं अंग. अळंबी हे तिचं फक्त फळ. बुरशी आपली पाचकद्रव्यं बाहेर सोडते, लाकूड बाहेरच पचवते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. तुमच्या मुलांनी विचारलेल्या अळंबीची जागा इथे: ती वनस्पती नाही, स्वतः अन्न बनवत नाही, मेलेल्यावर जगते.

विदर्भातल्या जंगलात बुरशीला मोठी अडचण येते. आठ महिने जमीन कोरडी ठणठणीत असते आणि बुरशीला ओल लागते. ही अडचण वाळवीनं सोडवली आहे. आपल्याकडे जी मोठमोठी वारुळं दिसतात ती बहुतेक अशा वाळव्यांची, ज्या बुरशीची शेती करतात. कामकरी वाळव्या वाळकं पान, काटक्या, लाकूड खातात, अर्धवट पचवलेलं ते सगळं वारुळात आणून त्याचे स्पंजासारखे गठ्ठे रचतात, आणि त्यांवर एक खास बुरशी वाढवतात. बुरशी लिग्निन फोडते, त्यातलं पोषण मोकळं करते, मग वाळव्या जुना गठ्ठा आणि बुरशीच्या पांढऱ्या गाठी खातात. बाहेर ४५ अंशांचं ऊन असलं तरी वारुळाच्या पोटात ऊबही नेमकी आणि ओलही टिकलेली. भर उन्हाळ्यात जेव्हा जंगलात काहीच कुजत नाही असं वाटतं, तेव्हा पाचोळा जमिनीखाली खाल्ला जात असतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वारुळांवर ज्या पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि विदर्भात ‘सात्या’ म्हणून बाजारात विकायला येतात, त्या याच बुरशीच्या. गोव्यात लोक जिची वाट पाहतात ती रोयणीची अळमीही वाळवीच्याच शेतातली.

वाळवीतून ही ऊर्जा वर चढते. अस्वल वारूळ उकरतं, तोंड लावून फुंकून माती उडवतं आणि वाळव्या शोषून घेतं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात आणि नाकपुड्या मिटता येतात, सगळी रचना याच कामासाठी. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वारुळांतून पंखवाल्या वाळव्यांचे लोट निघतात तेव्हा कोतवाल, वेडे राघू, बेडूक, सरडे, मुंग्या, सगळ्यांची दिवाळी असते. त्यांच्या अंगात चरबी भरपूर, आणि ती चरबी म्हणजे गेल्या वर्षीचं ऊन, गळलेल्या पानातून आलेलं. रानडुक्कर पाचोळा उकरून अळ्या, गांडुळं, कंद खातं, आणि रानडुकराला वाघ खातो. म्हणजे वाघाच्या अंगातसुद्धा वाळक्या पानाचा वाटा आहे. हिरव्या पानाची आणि वाळक्या पानाची वाट अशी वरती एकमेकींत मिसळते, म्हणून साखळीपेक्षा जाळं म्हणणं जास्त खरं.

शेण-लेंड्यांचं आणि मेलेल्या जनावरांचंही हेच. रानगव्याच्या ताज्या शेणावर काही वेळातच भुंगेरे येतात, गोळे करून जमिनीत पुरतात, त्यात अंडी घालतात. मेलेल्या जनावरांसाठी गिधाडं होती. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होतं आणि मूत्रपिंडं निकामी करत होतं. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. साखळीतला शेवटचा समजला जाणारा एक जीव गेला तेव्हा गावाबाहेरची मढी सडत पडली आणि भटकी कुत्री वाढली. मुलांना ‘विघटक’ हा शब्द पाठ करून घेताना ही गोष्ट त्यांना सांगाच.

साखळीत न बसणारे

अमरवेल पिवळट दोऱ्यांसारखी दिसते, तिच्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं. ती दुसऱ्या झाडाच्या खोडात शोषकमुळं घुसवून तयार साखर आणि पाणी ओढते. म्हणून ती वनस्पती असूनही खाणाऱ्यांच्या रांगेत बसते. बांडगुळाचं तसं नाही. त्याची पानं हिरवी, अन्न ते स्वतः बनवतं, फक्त पाणी आणि क्षार झाडाकडून घेतं. ज्वारीच्या शेतातला टारफुला दोन्हींच्या मधला. बाहेरून हिरवा, पण मुळाशी ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचं पाणी आणि अन्न पळवतो. शेतकऱ्याला तो उगवलेला दिसतो तोवर निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं.

किडे खाणाऱ्या वनस्पतींबद्दल गैरसमज फार आहे. कास पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं दिसतात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब किड्याला धरतात, सीतेच्या आसवांचे इवलेसे फुगे पाण्यातले सूक्ष्म प्राणी आत ओढतात. पण ऊर्जेसाठी नव्हे. साखर त्या उन्हातूनच बनवतात. कातळावरच्या पातळ, पावसानं धुपलेल्या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत नाही, तो त्या किड्यांतून घेतात. तेव्हा ऊर्जेच्या हिशोबात त्या उत्पादक आणि क्षारांच्या हिशोबात शिकारी. एकाच जिवाला दोन खणांत ठेवावं लागतं, आणि ते मुलांना दाखवायला हरकत नाही. खण आपण सोयीसाठी केलेले असतात.

उन्हाशिवाय चालणारंही जगात काही आहे का, असं एखादं हुशार मूल विचारेलच. आहे. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती प्राण्यांच्या वसाहती सापडल्या. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही. जिवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा काढून अन्न बनवतात आणि बाकीचे त्यांच्यावर जगतात.

फळ्यावर बाण काढताना एक भेद मात्र ठसवा. ऊर्जा प्रत्येक पायरीवर उष्णता होऊन निघून जाते आणि परत येत नाही, म्हणून दर वर्षी नवं ऊन लागतं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम मात्र तेच तेच फिरतात. वाळवी आणि बुरशी पानातली ऊर्जा वापरून संपवतात, पण क्षार मातीत सोडतात. झाडांच्या मुळांशी बांधलेल्या दुसऱ्या काही बुरशा ते क्षार, विशेषतः फॉस्फरस, मुळांपर्यंत आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात.

म्हणूनच वणव्याबद्दल मला कळवळून बोलावंसं वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लावली जाते. वेचणाऱ्या कुटुंबांचं वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांवर अवलंबून असते, त्यांना दोष देऊन भागणार नाही. पण ती आग वाऱ्यानं पसरली की पाचोळ्यातला बराचसा नायट्रोजन धूर होऊन हवेत जातो. राखेत उरलेलं पोटॅशियम आणि कॅल्शियम पहिल्या जोरदार पावसानं वाहून जाऊ शकतं. वाळवीचं, अळ्यांचं, गांडुळांचं वर्षभराचं अन्न एका दुपारी संपतं. मोठा साग जाड सालीमुळे तरतो, रोपं जातात. वनविभाग जाळरेषा आधीच जाळून ठेवतो तो आग अडवण्यासाठी, ते वेगळं. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि काडी ओढावी लागत नाही. जिथे लोकांना ही जाळी मिळाली आहे तिथे त्यांनी ती आपणहून वापरली आहे. हा खर्च गावावर न टाकता उचलला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो, संशोधकही तो असाच करतात. सागाची वाळकी पानं गोळा करून नीट उन्हात वाळवा, प्रत्येकी १० ग्रॅम तोला. निम्मी पानं मच्छरदाणीच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत भरा, निम्मी कांद्याच्या गोणीच्या मोठ्या जाळीत. बारीक जाळीतून बुरशी आणि जिवाणू आत जातील, वाळव्या, अळ्या, गांडुळं बहुतांशी नाही. जूनच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात झाडाखाली, मातीला टेकतील अशा ठेवा आणि खुंटीनं अडकवा. दर महिन्याला दोन्ही प्रकारची एकेक पिशवी उचला, माती हळुवार झटका, पानं पुन्हा वाळवा आणि तोला. सोबत शेवग्याच्या किंवा करंजाच्या पानांच्याही काही पिशव्या ठेवल्या तर नायट्रोजनचा फरकही दिसेल, मऊ पान सागाच्या आधी संपेल. तोलताना घाई करू नका, ओलं पान वजन फसवतं. मोठ्या जाळीतलं वजन बारीक जाळीपेक्षा लवकर घटलं, तर तो फरक किडामुंगीनं खाल्लेल्याचा. दोन्हीत सारखंच घटलं, तर आवारातली जमीन तुडवून कडक झाली आहे का आणि तिथला पाचोळा रोज झाडून जाळला जातो का, ते मुलांनाच शोधू द्या.